चौदा दिवसांची नियत

आमच्या अब्बांना माणसाचं नाव विचारायच्या आधी त्याची नियत विचारायची सवय होती. मुसाफिरखान्याच्या फाटकाशी कुणी गाठोडं घेऊन उभं राहिलं, की अब्बा आधी त्याला पाणी देत आणि तो पीत असतानाच विचारत, "नियत किती दिवसांची?" म्हणजे इथे किती दिवस राहायचं मनात आहे. पंधराच्या आतला आकडा आला तर तो मुसाफिर. त्याला खोली, चटई, कंदील. पंधरा किंवा त्याहून जास्त आला तर शरियतच्या हिशेबाने तो इथला रहिवासी झाला. मग अब्बा त्याला नाही म्हणत, आणि नाही म्हटल्याची भरपाई म्हणून गावात भाड्याची खोली दाखवायला स्वतः चालत जात. एकदा खादीची टोपी घातलेले तिघेजण उतरले. अब्बांनी विचारलं, तशी त्यांतला एक म्हणाला, "चाचा, आमची नियत आमच्या हातात नाही, सरकारच्या हातात आहे. नेतील तेव्हा जाऊ." अब्बा विचारात पडले. मग म्हणाले, "म्हणजे तुमची स्वतःची नियत नाही. चालेल. या आत." दुसऱ्या दिवशी सरकारने त्यांना नेलंही.

मुसाफिरखाना आग्रा रोडवर, गाव संपत होतं तिथे होता. दोन खोल्या, पुढे ओसरी, दारात जनावरांसाठी दगडी हौद, मागे विहीर आणि पेरूची बाग. बागेच्या कडेला आमचं घर. हे सगळं जैनबबीचं वक्फ होतं आणि अब्बा त्याचे मुतवल्ली, म्हणजे सांभाळणारे. जैनबबी बांगड्या विकणारी मणियारीण. अब्बांच्याही जन्माआधीची बाई. नवरा-बायको तट्टावर बांगड्यांच्या पेट्या लादून देवळ्याकडून नाशिकला यायची. एका उन्हाळ्यात तट्टू याच जागी तहानेने पडलं आणि त्याच्यामागे नवराही गेला. वाटेत कुणी दारात टेकू दिलं नव्हतं. त्यानंतर बाईने एकटीने धंदा केला, ही जमीन घेतली, विहीर खणली, बाग लावली आणि सगळं अल्लाच्या नावाने सोडून दिलं. एकदा वक्फ झालं की ते विकता येत नाही, कुणाला देता येत नाही, पोराबाळांच्या वाट्याला येत नाही. बागेच्या उत्पन्नातून काय करायचं ते तिने दारावरच्या दगडात कोरून ठेवलं होतं. येणाऱ्याजाणाऱ्या जनावरांना पाणी, आणि मुसाफिरांना निवारा. कयामतपर्यंत. अब्बा दर ईदच्या आधी शिंदीच्या कुंचल्याने ती अक्षरं साफ करत आणि त्यांत काळा रंग भरत. अम्मा म्हणायची, "स्वतःच्या आईची कबर इतक्या वेळा झाडली नसेल ह्यांनी."

त्या घरातलं बालपण मला आधी कानांनी आठवतं. पहाटेची अजान, मग सोमाची मोट. सोमा हरसूलकडच्या डोंगरातला. पावसाळ्यात भाताला घरी जायचा आणि दिवाळीनंतर परत यायचा. मोटेचं चाक असं करकरायचं की सकाळच्या वेळी घरात बोलायचं तर ओरडून बोलावं लागे. पाणी पाटातून हौदात पडायचं, हौद भरायचा, आणि भरून वाहायला लागायचा. कारण पिणारं कुणी नव्हतं. मालेगावची मोटार सुरू झाली होती, मालाच्याही मोटारी आल्या होत्या, त्या रबरी भोंगे वाजवत आमच्या दारावरून धूळ उडवत जायच्या. बैलगाड्या आडवाटेच्या, त्याही बाजाराच्या दिवशी. सोमा हौदाकडे बघून म्हणायचा, "अब्बा, हे पानी कोन पितंय? कावळं. कावळं लय माजल्यात." अब्बा म्हणत, "कावळाही जनावरच आहे." अम्मा चुलीपुढून बाजरीची भाकरी थापता थापता म्हणायची, "आणि मुसाफिरही. आज इथे, उद्या तिथे."

हसू येत होतं तेव्हा. आता ही ओळ लिहिताना तोंड कडू होतं. पेरू मुंबईला जात होते, बागेला चांगले दिवस आले होते, आणि आमच्या मोहल्ल्यातल्या मुलींना शिकायला बसायची जागा नव्हती. आम्ही बारा-तेरा जणी एका विधवाबाईच्या पडवीत उस्तानीबींकडे शिकत होतो. ती पडवी तिच्या दिराने मागून घेतली. उस्तानीबी मालेगावच्या, विणकराच्या घरातल्या. ठेंगण्या, आवाज मात्र बारा गाड्यांना पुरेल असा. त्यांना उर्दू यायची, मराठी मोडी-बाळबोध दोन्ही यायची, आणि मुलीने कुराण अर्थासकट वाचावं, घरचं पत्र स्वतः लिहावं, असा त्यांचा हट्ट होता. पडवी गेल्यावर मोहल्ल्यातले लोक अब्बांकडे आले. वक्फचा पैसा पडून आहे, एक खोली मुलींसाठी बांधा. नाहीतर ह्या दोन रिकाम्या पडल्यात त्यांतली एक द्या. अब्बा दगडाकडे बोट करत. "वाचा. मुलींचं नाव दाखवा, उद्या बांधतो."

"अहो, त्या बाईला सुचलं नसेल," लोक म्हणत.

"नसेल सुचलं. पण तिचा माल आहे, तिची शर्त आहे. मेलेल्या माणसाला समजावता येत नाही, म्हणून त्याचं ऐकावं लागतं."

मी दाराआडून हे ऐकायची आणि मुठी आवळायची. हा माणूस स्वतःसाठी त्या बागेतला एक पेरू विकत न घेता खात नव्हता. मुतवल्लीला जो हिस्सा घ्यायचा हक्क होता तोही घेत नव्हता. अशा माणसाशी भांडायचं तरी कुठून? लबाड बाप असता तर सोपं गेलं असतं, असं मला तेव्हाही वाटलं होतं.

तोड उस्तानीबींनीच काढली. एका दुपारी त्या मालेगावच्या मोटारीतून आमच्या फाटकाशी उतरल्या, हातात गाठोडं. अब्बांनी पाणी दिलं आणि सवयीने विचारून गेले, "नियत?"

"चौदा दिवस, भाईजान."

अब्बांच्या हातातला तांब्या तसाच राहिला. उस्तानीबी पुढे म्हणाल्या, "मी मालेगावची. इथे माझं घर नाही, दार नाही. चौदा दिवस राहीन, मग जाईन. मुसाफिराला भेटायला चार मुली आल्या तर दगडात मनाई कोरलेली नाही. मी वाचून आले."

अब्बा उठले आणि मशिदीतल्या मौलवीसाहेबांकडे गेले. संध्याकाळी परत आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेला खट्याळपणा होता. म्हणाले, "बी, चालेल. पण चौदा दिवसांनी जावं लागेल. खरोखर जावं लागेल." उस्तानीबींची मावशी निफाडला राहायची. त्यांनी विचारलं, निफाडला जाऊन आलं तर? अब्बांनी मान हलवली. "निफाड जवळ पडतं. तेवढ्याने सफर होत नाही. मालेगावच." अम्मा आतून म्हणाली, "दोघांनी मिळून अल्लामियाँना वकिली शिकवायचं ठरवलंय."

तो एक हिवाळा आणि थोडा उन्हाळा. माझ्या आयुष्यातला तेवढाच काळ असा आहे की तो पुन्हा मिळाला तर मी काहीही न बदलता घेईन, शेवटचा एक दिवस सोडून. आम्ही ओसरीवर बसायचो. उस्तानीबी पहिली अक्षरं त्या दारावरच्या दगडावरून शिकवायच्या, त्यामुळे आम्हा सगळ्याजणींना आपलं नाव लिहिता येण्याआधी 'मुसाफिर' लिहिता आलं. मधल्या सुट्टीत तिखट-मीठ लावलेले पेरू. गुरुवारी अम्मा भाकरी कुस्करून गुळातुपाचा मलीदा करून पाठवायची. चौदा दिवस झाले की त्या गाठोडं बांधायच्या, मोटारीत बसायच्या, आठवडाभराने परत यायच्या. फाटकाशी अब्बा गंभीर चेहऱ्याने विचारत, "नियत?" त्या तितक्याच गंभीरपणे सांगत, "चौदा दिवस, भाईजान." आम्ही ओढण्यांत तोंड लपवून हसायचो. पण त्या आठवडाभरात आम्ही निम्मं विसरलेल्या असायचो. मोटारीत धूळ खाऊन उस्तानीबींना खोकला जडला होता. परत आल्या की दोन दिवस त्यांचा आवाज फुटत नसे. रिकाम्या खोलीपाशी राहायला मिळावं म्हणून एका बाईने सतत रस्त्यावर राहायचं, याचा मला इतका संताप यायचा की अब्बांनी रंगवलेल्या त्या अक्षरांवर चिखल फेकावा असं वाटे.

करीमशेठना वेगळा संताप होता. ते फळांचे व्यापारी. हंगामात टोपल्या ठेवायला त्यांनी तीच खोली मागितली होती, वक्फला भाडं द्यायलाही तयार होते. अब्बांनी दगड दाखवला होता. आता ते येताजाता ओसरीकडे बघून म्हणत, "मुतवल्लीसाहेब, माझ्या टोपल्याही चौदा दिवसांनी मालेगावला नेऊन आणू का?" खरं सांगायचं तर त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. अब्बांनाही ते कळत होतं.

माझी मैत्रीण रुकय्या. आमच्यात सगळ्यांत हुशार तीच. मी एक सबक पाठ करीपर्यंत तिचे तीन व्हायचे. उन्हाळ्याच्या तोंडाशी तिच्या घरी देवळ्याचं स्थळ आलं. तिची आई म्हणत होती, उस्तानी अर्धा वेळ गावाला असते, ही काय शिकतेय? लग्न उरकून टाकू. रुकय्या पेरूच्या झाडाखाली रडत बसली. मी शेजारी होते. सोमा बैलांना वैरण टाकायला गेला होता, मोट थांबलेली होती. उस्तानीबी आल्या, खाली बसल्या आणि तिचं डोकं मांडीवर घेऊन म्हणाल्या, "तुझ्या आईला सांग, मी कुठे जात नाही. तोंडाने चौदा दिवस म्हणते तेवढंच. मनाने मी माझं गाठोडं इथेच सोडलंय. तुम्ही पोरी शिकून होईपर्यंत मी इथली."

रुकय्याने आनंदाने आईला सांगितलं. आईने शेजारणीला. पुढच्या जुम्यापर्यंत, म्हणजे शुक्रवारपर्यंत, ते करीमशेठच्या कानावर गेलं. उस्तानीबी तेव्हा मालेगावला होत्या.

नमाज झाल्यावर पाच-सहा वडीलधारी माणसं आमच्या ओसरीवर येऊन बसली. मौलवीसाहेबही होते. करीमशेठ बसले नाहीत. उभ्यानेच म्हणाले, "मुतवल्लीसाहेब, सगळा खेळ नियतवर आहे ना? त्या बाईने आपली नियत स्वतःच्या तोंडाने सांगितलीय. ती इथे राहणार आहे. मग ती मुसाफिर कशी?" अब्बांनी मौलवीसाहेबांकडे पाहिलं. ते दाढी कुरवाळत म्हणाले, "तसं म्हणाली असेल तर मुसाफिर नाही. पण म्हणाली का?" रुकय्याच्या आईला निरोप गेला. माणसांची बैठक म्हटल्यावर ती घाबरली; आमच्या मुलीने काही ऐकलं नाही, सांगितलं नाही, असा उलटा निरोप आला. करीमशेठ म्हणाले, "यांचीच मुलगी तिथे होती. तिला विचारा. ही बोलेल ते मला कबूल."

त्याला कारण होतं. लहानपणी मी विहिरीत अब्बांचा पितळी लोटा पाडला होता आणि कुणी न विचारता जाऊन सांगितलं होतं. अब्बा ती गोष्ट आल्यागेल्याला सांगत. "माझी मुलगी खोटं बोलत नाही." सगळ्या मोहल्ल्यात माझी ती ओळख झाली होती, आणि मला ती फार आवडायची. नव्या कपड्यासारखी मी ती अंगावर घालून फिरायची.

अब्बांनी मला बोलावलं. मी दारात उभी राहिले.

"बेटा, उस्तानीबी बोलल्या तेव्हा तू होतीस?"

"होते."

"मोट चालू असेल."

मी दाराची चौकट धरली.

"मोट चालू असली की काही ऐकू येत नाही," अब्बा बाकीच्यांकडे बघून म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "नीट ऐकलंस का तू? का रुकय्याने सांगितलं ते सांगतेयस? आठवून सांग. घाई नाही."

त्यांचे डोळे माझ्यावर होते. ते डोळे मला आज, या टेबलाशी बसलेली असताना, स्पष्ट दिसतात. अब्बांनी आयुष्यात कुणाला खोटं बोलायला सांगितलं नव्हतं, आणि त्यांना ते सांगताही येत नव्हतं. ते फक्त एक दार किलकिलं करून उभे होते. पण मला दिसत होती ती ओसरीवरची माणसं, आणि त्या सगळ्यांसमोर आपल्या मुलीकडे बघणारा बाप. मला वाटलं, लोट्याचाच प्रसंग पुन्हा आला आहे. शाळा जाईल हे मला कळत नव्हतं असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. ते खरं नाही. कळत होतं. पण त्या क्षणी मला शाळेपेक्षा अब्बांची शाबासकी हवी होती.

"मोट बंद होती, अब्बा," मी म्हणाले. "मी नीट ऐकलं." आणि उस्तानीबींचं वाक्य शब्द न शब्द म्हणून दाखवलं, सबक म्हणावा तसं.

कुणी शाबास म्हणालं नाही. अब्बा बराच वेळ आपल्या तळव्यांकडे बघत राहिले. करीमशेठ जिंकले होते, पण तेही गडबडल्यासारखे दिसले. "पोरगी खरी आहे," असं पुटपुटून चपला घालून गेले.

उस्तानीबी मंगळवारी आल्या. अब्बा फाटकाशी उभे होते. पाणी दिलं, पण काही विचारलं नाही. त्यांनी कुणाला नियत न विचारल्याचं मी पहिल्यांदाच पाहिलं. उस्तानीबी पाणी प्यायल्या, त्यांनी ओसरीकडे पाहिलं. एकही मुलगी नव्हती.

"विचारा की, भाईजान."

"काय विचारू?"

"चौदा दिवस म्हणते मी."

"आणि मनात?" अब्बांनी विचारलं. आवाज असा होता की जणू हातच पसरलाय.

उस्तानीबींनी तोंड उघडलं. मनातही चौदाच, एवढं एक वाक्य पुरलं असतं. पण त्या गप्प राहिल्या. नंतर म्हणाल्या, "तुमच्या मुलीला मीच शिकवलंय हो खरं बोलायला. थोडं तुम्ही, थोडं मी." माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि परतीच्या मोटारीची वाट बघत हौदाच्या कठड्यावर बसून राहिल्या. खोलीत गेल्या नाहीत. हौद भरून वाहत होता आणि त्यांच्या चपला भिजत होत्या.

तीन खरं बोलणाऱ्या माणसांनी मिळून एक शाळा बंद केली. पुढे कधीतरी एका वकिलाने मला सांगितलं की इतका खटाटोप करायची गरजच नव्हती. वक्फचा मूळ हेतू काळाने निरुपयोगी झाला तर जज्जाकडे अर्ज करून तो जवळच्या दुसऱ्या कामाकडे वळवता येतो; हौद ठेवूनही उरलेल्या पैशात मुलींची खोली बांधता आली असती. ऐकून मी त्यांच्याच दिवाणखान्यात हसले, आणि ते वकील घाबरले. हे आमच्या मोहल्ल्यात कुणालाच माहीत नव्हतं. आम्हाला फक्त दगड माहीत होता, आणि नियत.

रुकय्याचं त्याच उन्हाळ्यात देवळ्याला लग्न झालं. मी मात्र शिकले. शाळा बंद झाल्यावर अब्बा रोज असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या, नमाजानंतर मला समोर घेऊन बसत. उर्दू स्वतः शिकवत, मराठीसाठी एक मास्तर लावले स्वतःच्या पैशाने. कारण कधी बोलले नाहीत. म्हणजे जिच्या तोंडून शाळा गेली तेवढीच शिकली, हा हिशेब मला आजही कुणाला समजावता येत नाही. पुष्कळ वर्षांनी देवळ्याला एका लग्नात रुकय्या भेटली. हसतमुख, जाडजूड, सून आलेली. मला कोपऱ्यात नेऊन तिने पदराआडून मुलाचं पत्र काढलं आणि म्हणाली, "वाच गं. घरात पोरं वाचतात, पण घाईघाईने वाचतात." मी सावकाश वाचलं. तिने पुन्हा वाचायला लावलं. मग पत्राच्या कोपऱ्यातल्या एका शब्दावर बोट ठेवून म्हणाली, "हे 'मुसाफिर' ना? एवढं ओळखू येतं बघ मला अजून."

अब्बांचे शेवटी डोळे गेले. कारभार माझ्या भावाकडे आला होता, तोही शर्तीचा पक्का. मी सासरहून गेले की अब्बा ओसरीच्या फाटकाकडच्या टोकाला खाटेवर असायचे. समोर आता पेट्रोलचा पंप झाला होता. एका दुपारी मी त्यांना पेरू चिरून देत होते. मोटारीचा आवाज आला, फाटकाशी थांबला आणि पुढे गेला. अब्बांनी मान वळवली.

"कुणी उतरलं का गं?"

फाटकात धुळीशिवाय काही नव्हतं. मी म्हणाले, "हो, अब्बा. एक बाई आहेत. मालेगावच्या."

त्यांचा हात पेरूवरच थांबला. "नियत विचारलीस?"

"विचारली. चौदा दिवस म्हणाल्या."

मागे सोमाच्या मुलाची मोट चालू होती, चाक करकरत होतं. मग त्यांनी अगदी हळू, जवळजवळ लाजत विचारलं, "आणखी काही म्हणाल्या का?"

"म्हणाल्या काहीतरी," मी म्हणाले. "मोट चालू आहे ना. मी नीट ऐकलं नाही."